मार्टिनांचा माग: गहाणखतांच्या वाटेने डब्लिन ते कॉनेमारा

निघण्याआधी

आयर्लंडमधल्या जुन्या व्यापारी घराण्याची वंशावळ लावायला निघालेला माणूस आधी चर्चच्या नोंदवह्यांकडे धावतो आणि तिथेच अडकतो. ३० जून १९२२ला, यादवी सुरू होऊन तिसऱ्या दिवशी, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समध्ये स्फोट झाला आणि तिथलं सरकारी दफ्तर जळून गेलं. मृत्युपत्रं गेली, १८२१ ते १८५१च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या, प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून जास्त वह्या गेल्या. १८६१ ते १८९१च्या चार जनगणना तर सरकारनेच आधी मोडीत काढल्या होत्या. दस्तनोंदणीचं दफ्तर मात्र दुसऱ्या इमारतीत असल्यामुळे शाबूत राहिलं. परिणाम असा की गॉलवेच्या एखाद्या घरात मूल कधी जन्मलं हे सापडत नाही, पण त्या मुलाच्या नावावर किती कर्ज चढलं हे पै-पैसह सापडतं. या प्रवासाचा आराखडा त्यावरच बेतलेला आहे: जन्म-मृत्यू शोधत बसायचं नाही, जमीन आणि कर्ज यांच्या मागोमाग जायचं.

घराणं मार्टिनांचं. मध्ययुगात गॉलवे बंदर चालवणारी चौदा व्यापारी घराणी होती, त्यांना ‘गॉलवेच्या टोळ्या’ म्हणतात: अथी, ब्लेक, बॉडकिन, ब्राऊन, डार्सी, डीन, फाँट, फ्रेंच, जॉइस, किरवान, लिंच, मार्टिन, मॉरिस आणि स्केरेट. यातल्या डार्सी आणि किरवान या दोनच मूळच्या गेलिक, बाकीची बाहेरून आलेली. मार्टिन वारुणीच्या धंद्यातून जमिनीत गेले, जमिनीतून संसदेत गेले आणि तीन पिढ्यांत सगळं घालवून बसले. शेवटी गॉलवेच्या पश्चिमेकडच्या कॉनेमारातल्या, बॅलिनाहिंचच्या त्यांच्या वाड्याचा मालक झाला तो जामनगरचा जामसाहेब, म्हणजे आपला रणजितसिंहजी.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा आयर्लंडमध्ये चालत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ब्रिटिश-आयरिश संयुक्त योजना आहे, पण व्हिसावर त्या योजनेचा शेरा असेल तरच एका व्हिसावर दोन्ही देश करता येतात. वाचक-कार्डासाठी फोटो ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवावा. दफ्तरं शनिवार-रविवारी बहुतेक बंदच, म्हणून रविवारी डब्लिनला पोचून सोमवारपासून काम सुरू करायचं. कामाच्या वेळा आणि बसायची जागा आधी ई-मेलने नक्की करून घ्यावी.

घरूनच उरकायची कामं दोन. कॅथलिक चर्चच्या साधारण १८८०पर्यंतच्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयाने फुकट ऑनलाइन ठेवल्या आहेत. १९०१ आणि १९११च्या जनगणनाही तशाच. जळालेल्या दफ्तराच्या इतरत्र उरलेल्या नकला गोळा करून २०२२मध्ये एक आभासी दफ्तरही उघडलं आहे, त्यात आडनाव टाकून पाहावं. यातलं काहीही डब्लिनला जाऊन करणं म्हणजे विमानाचे पैसे वाया घालवणं.

पहिला दिवस, सोमवार: डब्लिन, किल्डेअर स्ट्रीट

सकाळी राष्ट्रीय ग्रंथालय. पेन बाहेर ठेवावं लागतं, आत फक्त पेन्सिल. वंशावळीसाठी सल्ला देणारा फुकट कक्ष इथे आहे. ‘मला माझं घराणं शोधायचंय’ असं मोघम विचारलं तर मोघमच उत्तर मिळतं. ‘बॅलिनाहिंच बॅरनी, मोयरस पॅरिश, १७९० ते १८५०’ असं विचारलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे सरकवतो. आयर्लंडमध्ये जागेची उतरंड पक्की आहे: सगळ्यात लहान टाउनलँड, मग सिव्हिल पॅरिश, मग बॅरनी, सगळ्यात मोठी काउंटी. टाउनलँड माहीत नसेल तर पुढचं कुठलंच पुस्तक उघडत नाही.

इथेच वंशावळी आणि मानचिन्हं सांभाळणाऱ्या जुन्या राजभाटांच्या कार्यालयातली हस्तलिखितं आहेत. मार्टिनांची वंशावळ त्यात ऐटीत सुरू होते: सिंहहृदयी रिचर्डबरोबर क्रुसेडला गेलेला ऑलिव्हर मार्टिन, त्याला राजाने बहाल केलेलं मानचिन्ह, पायऱ्यांवर उभा क्रूस, एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र. दिसायला झकास, पण पुराव्याच्या दृष्टीने पोकळ. पैसेवाल्या घराण्यांनी सतराव्या-अठराव्या शतकात भाटांकडून असे मूळपुरुष करवून घेतले. साधी कसोटी लावावी: ज्या पिढीच्या नावासमोर ना तारीख, ना जमीन, ना दावा, ती पिढी पेन्सिलीने लिहायची आणि कंसात टाकायची. तसं केलं की मार्टिनांच्या पहिल्या कित्येक पिढ्या कंसात जातात.

भरवशाचं ते याच कार्यालयातल्या सर विल्यम बेथमने काढून ठेवलेले सारांश. प्रिरॉगेटिव्ह कोर्ट या वरिष्ठ धर्मन्यायालयातल्या १८००पूर्वीच्या मृत्युपत्रांमधून त्याने फक्त नात्यागोत्याचा मजकूर उतरवून घेतला होता. मूळ मृत्युपत्रं जळाली, त्याच्या वह्या उरल्या. त्यांत कुणाला काय मिळालं हे फारसं नसतं, पण बायको, मुलं, जावई, भाचे क्रमाने असतात.

इथे तीन सापळे. पहिला तारखेचा: १७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे ‘फेब्रुवारी १६९८’ लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६९९. यामुळे बाप मेल्यावर मुलाने केलेला दस्त कागदावर बापाच्या मृत्यूच्या आधीचा दिसतो, आणि मग लोक एकाच माणसाची दोन माणसं करतात. अशा तारखा दोन्ही वर्षं घालून लिहाव्यात. दुसरा सापळा नावाचा: गॉलवेत बापाचं नाव ‘फिट्झ’ लावून जोडायचे, जसा जेम्स लिंच फिट्झस्टीफन म्हणजे स्टीफनचा मुलगा जेम्स. ही फिट्झ पुढच्या पिढीला बदलते. तिला आडनाव समजून शोध घेतला की हाती शून्य. तिसरा सापळा स्पेलिंगचा: टुलिराचे मार्टिन ‘आय’ऐवजी ‘वाय’ने लिहितात. ते वेगळं खोड, शेवटपर्यंत कॅथलिक राहिलेलं. त्यांचे लोक बॅलिनाहिंचच्या झाडावर टांगलेले इंटरनेटवर जागोजागी दिसतात.

दुपारी चालत बिशप स्ट्रीटच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. इथे एकच काम करायचं, पण ते टाळायचं नाही: कर्जबाजारी जमीनदारी विकणाऱ्या न्यायालयाची छापील विक्रीपत्रकं मागवायची. हे न्यायालय १८४९च्या कायद्याने उभं राहिलं. पत्रकात लॉटचा नंबर, टाउनलँड, कुळाचं नाव, क्षेत्र, खंड आणि भाडेपट्ट्याची मुदत असते. मुदत बऱ्याचदा ‘तीन आयुष्यं’ अशी, म्हणजे पट्ट्यात नावं घातलेल्या तिघांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंत. कुळं साहजिकच आपल्या लहानग्यांची नावं घालत, जास्त जगतील म्हणून. मुलांची नावं आणि कधी कधी वयंही अशी सरकारी कागदात अलगद उतरली आहेत. कॉनेमाराला जायच्या आधी हे वाचलं नाही तर तिथे नुसता दगड आणि पाणी दिसतं.

क्षेत्र वाचताना जपून. आयरिश एकर साध्या एकराच्या १.६२ पट असतो. एकाच इस्टेटीचे दोन आकडे दिसले तर गुणाकार करून बघावा, निम्मे वाद तिथेच मिटतात. पैशाचंही तसंच: १८२६पर्यंत आयरिश चलन वेगळं होतं, १३ आयरिश पौंड म्हणजे १२ इंग्लिश पौंड.

दुसरा दिवस, मंगळवार: हेन्रिएटा स्ट्रीट

किंग्ज इन्सच्या आवारातलं दस्तनोंदणी दफ्तर हा या प्रवासाचा खरा मुक्काम. १७०७च्या कायद्याने ते उभं राहिलं आणि १७०८पासून नोंदी आहेत. हेतू सोज्वळ नव्हता. कॅथलिकांना जमीन विकत घ्यायला आणि ३१ वर्षांहून लांब पट्टा करायला बंदी होती. ती कुणी मोडतंय का यावर नजर ठेवायची होती. त्याआधीच्या १७०४च्या कायद्याने कॅथलिक माणसाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई, थोरला प्रोटेस्टंट झाला तर मात्र अख्खी त्याला. मोठी इस्टेट तुकडे तुकडे होऊन संपावी म्हणून केलेली ही योजना. मार्टिनांनी ती कशी चुकवली ते पुढे गॉलवेत बघू.

कामाची रीत अशी. सूच्या दोन आहेत, एक दस्त करून देणाऱ्याच्या नावाची, दुसरी जागेची. नावाच्या सूचीत १८३३पूर्वी देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं आडनाव आणि तीन आकडे एवढंच मिळतं: पुस्तक, पान, क्रमांक. जागा दिलेली नसते. मार्टिन हे आडनाव सबंध आयर्लंडभर आहे, त्यामुळे नुसत्या नावाने गेलं तर दिवस जातो आणि हाती उत्तरेकडच्या अल्स्टरचे कुणी भलतेच मार्टिन लागतात. म्हणून आधी जागेच्या सूचीत काउंटी गॉलवे, बॅरनी मोयकलन आणि बॅलिनाहिंच. तिथून आकडे उचलायचे आणि मग नकलांची पुस्तकं काढायची. पुस्तकं अवाढव्य आहेत. एकट्याने वरच्या फळीवरून ओढू नयेत, मनगट जातं. ज्यांना जाणं शक्य नाही त्यांना याच पुस्तकांच्या फिल्म फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. फक्त पुस्तकाचा आकडा आणि फिल्मचा आकडा जुळवत बसावं लागतं.

पुस्तकात मूळ दस्त नसतो, त्याचा गोषवारा असतो. मूळ दस्ताच्या साक्षीदारांपैकी एकाची तरी सही गोषवाऱ्यावर लागे, आणि हा साक्षीदार पुष्कळदा मेहुणा, चुलतभाऊ किंवा घरचा कारकून निघतो. वंशावळवाल्याने आधी शेवटच्या चार ओळी वाचाव्यात, मग वरचा मजकूर.

सगळ्यात मोलाचे दस्त लग्नाच्या करारांचे. एका करारात नवरा, बायको, दोघांचे बाप, विश्वस्त म्हणून काका-मामा अशी दोन घराण्यांची माणसं एकत्र सापडतात. इस्टेट का बुडाली हेही तिथेच कळतं. मुलगी हुंडा आणी. त्याच्या बदल्यात ती विधवा झाल्यास तिला वर्षासन द्यायचं, ढोबळमानाने हुंड्याच्या दहा टक्के, आणि तेही जमिनीवर बोजा चढवून. धाकट्या मुलांचे हिस्से रोख द्यायचे, तोही बोजा. रोकड नसे, मग गहाण. आयर्लंडमध्ये १७३१पासून कायदेशीर व्याज जास्तीत जास्त सहा टक्के. व्याज ठरल्या दिवशी द्यावं लागे, खंड मात्र सहा महिने थकवूनच द्यायचा असा रिवाज होता. मधली खिंड भरायला पुन्हा कर्ज. लोक उधळपट्टीच्या कहाण्या सांगतात, जुगार, द्वंद्वयुद्धं, निवडणुका. त्या असतीलही. पण एकामागून एक तीन लग्नांचे करार मांडून बघितले तर माणूस काटकसरी असता तरी इस्टेट फार तगली नसती असं वाटतं.

मधली नावंही बोलतात. टॉमस बार्नेवॉल मार्टिन या नावातलं बार्नेवॉल कुठून आलं? आजीकडून. बापाची आई ब्रिजेट बार्नेवॉल, लॉर्ड ट्रिमल्सटाउनची मुलगी. आयरिश घराण्यांत मधलं नाव आडनावासारखं दिसलं की आजोळ शोधावं.

तिसरा दिवस, बुधवार: गॉलवे

ह्यूस्टन स्टेशनवरून गाडी अडीच तासांत गॉलवेला सोडते. स्टेशनबाहेरच आयर स्क्वेअर. चौदा घराण्यांची निशाणं तिथे फडकतात, ती पर्यटकांसाठी. खरी वस्तू म्हणजे ब्राऊनांचा दरवाजा. १६२७चं हे दगडी दार मुळात ॲबीगेट स्ट्रीटवरच्या एका व्यापाऱ्याच्या घराचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आणून उभं केलं. त्यावर दोन घराण्यांची चिन्हं आहेत, ब्राऊन आणि लिंच. ब्राऊनांचा दुतोंडी गरुड, लिंचांची तीन त्रिदलं. अशा दगडांवर बघणाऱ्याच्या डावीकडे नवरा आणि उजवीकडे बायको, हा नेम. चर्चच्या वह्या गेल्या त्या गावात लग्नाची नोंद दाराच्या चौकटीवर उरली आहे. शॉप स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांमध्ये दुकानांच्या वरच्या मजल्यांकडे बघत हिंडलं तर असे आणखी दगड दिसतात. काही मूळ जागेवर आहेत, काही दुसऱ्याच भिंतीत बसवलेले, म्हणून ‘हे घर अमक्याचं’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. पाऊस पडून गेल्यावर, तिरप्या उन्हात कोरीव रेषा उठून दिसतात. भर दुपारी काही कळत नाही.

लिंचांचा कोट शॉप स्ट्रीटवरच आहे, आता तिथे बँक. तळमजल्यावर माहितीफलक आहेत, बँकेच्या वेळात आत जाता येतं. १४८४मध्ये तिसऱ्या रिचर्डने गावाला सनद दिली आणि महापौर निवडायचा हक्क व्यापाऱ्यांकडे आला. तेव्हापासून १६५४पर्यंत ८४ महापौर एकट्या लिंचांचे. धंदा साधा होता: कातडी, लोकर, मासे बाहेर, आणि बोर्दो-स्पेनची वाइन आत. १५१८मध्ये यांनीच ठराव केला की नावात ओ किंवा मॅक असलेल्या कुणीही गॉलवेच्या रस्त्यांवर तोऱ्यात फिरायचं नाही. तटाबाहेरच्या गेलिक कुळांना उद्देशून होता तो, आणि पश्चिमेकडचे ओफ्लाहर्टी त्यांतलेच. पुढे मार्टिनांकडे जी जमीन आली ती याच ओफ्लाहर्टींची.

सेंट निकोलस चर्च १३२०चं. लिंचांनी वाढवलेला दक्षिणेकडचा भाग आणि तिथली थडगी बघावीत. बाहेरच्या लिंच खिडकीपाशी, १४९३मध्ये महापौर बापाने स्वतःच्या मुलाला फाशी दिल्याची कथा ऐकायला मिळते. कथा रंगतदार आहे, पण समकालीन पुरावा नाही. वंशावळीत ती घालू नये.

एप्रिल १६५२मध्ये गॉलवे इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजेला शरण गेलं आणि कॅथलिक व्यापाऱ्यांची घरं-दुकानं गेली. इथून चौदाही घराणी फुटतात. फुटलेल्या फांद्या दुसऱ्या देशांत सापडतात. जॉन लिंच कॅथलिकांच्या १६९१च्या पराभवानंतर बोर्दोला गेला, तिथे वाइनमध्येच जम बसवला, आणि त्याचा नातू जाँ-बातिस्त लिंच १८०९मध्ये बोर्दोचा महापौर झाला. हेन्री ब्लेक वेस्ट इंडीजमधल्या माँटसेराटला गेला, मळ्यावर गुलामांच्या कष्टावर कमावलं, १६७६मध्ये परतला आणि घरी जमिनी घेतल्या. ‘आयरिश घराण्याचं पुनरुत्थान’ म्हणून जे सांगितलं जातं त्यात हाही पैसा आहे, तो झाडाच्या समासात लिहायलाच हवा.

चौथा दिवस, गुरुवार: विद्यापीठ, किरवान्स लेन, डँगन

गॉलवे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या नगरपालिकेची इतिवृत्तं आहेत, पंधराव्या शतकाच्या अखेरीपासूनची. आगाऊ वेळ घेतल्याशिवाय कुणी बाहेर काढून देत नाही. विद्यापीठाचीच कॉनॉट आणि मन्स्टर प्रांतांतल्या जमीनदारी इस्टेटींची यादी ऑनलाइन आहे. कुठल्या घराण्याचे कागद कुठल्या कपाटात हे तिच्यात सापडतं.

आता मार्टिनांचं. ‘चपळ डिक’ म्हणून ओळखला जाणारा रिचर्ड मार्टिन हा वकील, कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सच्या बाजूने लढलेला कॅथलिक. १६९१ला गॉलवे शरण गेलं तेव्हाच्या अटींचा आधार घेऊन त्याने जमीन राखली आणि १६९८मध्ये थेट तिसऱ्या विल्यमकडून सनद मिळवली, तीही कॉनेमाराच्या अवाढव्य मुलखाची. हरलेल्या बाजूच्या माणसाने जिंकलेल्या राजाकडून एवढी जमीन लिहून घेतली. कायदेपंडित नसता तर जमलं नसतं.

पुढच्या पिढ्यांत ती टिकवायचा रस्ता एकच उरला. रॉबर्ट मार्टिनने आपल्या मुलाला प्रोटेस्टंट म्हणून वाढवलं, म्हणजे वाटणीही टळली आणि संसदेचं दारही उघडलं. हा मुलगा म्हणजे १७५४मध्ये जन्मलेला रिचर्ड, हॅरो आणि केंब्रिजला शिकलेला. द्वंद्वयुद्धांमुळे त्याला आधी ‘चाप ओढायला उतावीळ’ अशा अर्थाचं टोपणनाव पडलं, नंतर चौथ्या जॉर्जने ‘भूतदयावाला डिक’ म्हटलं, ते चिकटलं. दस्तांत मात्र चपळ डिक आणि हा, दोघंही नुसते ‘रिचर्ड मार्टिन, एस्क्वायर’. मधल्या काळातला दस्त हाती आला तर बायकोचं नाव आणि गाव बघूनच माणूस ठरवावा.

किरवान्स लेनमध्ये याने १७८३मध्ये शंभर-एक माणसांचं नाटकघर काढलं होतं, बायको एलिझाबेथ व्हेसीच्या हौसेखातर. तिथे काम करणाऱ्यांत होता पुढे बंडाचा पुढारी झालेला वुल्फ टोन. तो तेव्हा डँगनला रिचर्डच्या सावत्र भावांची शिकवणी करायचा आणि एलिझाबेथच्या प्रेमात पडला होता. ती पुढे जॉन पेट्री नावाच्या माणसाबरोबर गेली. रिचर्डने पेट्रीवर दावा लावला आणि दहा हजार पौंड भरपाई मिळवली. परतताना ते पैसे त्याने गाडीच्या खिडकीतून उधळले असं सांगतात. खरं-खोटं असो, दाव्याच्या कागदांत लग्नाची तारीख, मुलं, नोकरचाकर सगळं येतं, म्हणून घटस्फोट आणि भरपाईचे दावे वंशावळीला चर्चच्या वहीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

डँगन म्हणजे आज विद्यापीठाची खेळाची मैदानं, कॉरिब नदीच्या काठाने चालत जाता येतं. मार्टिनांच्या घराचे थोडेसे अवशेष उरलेत. पलीकडच्या काठावर वेलींनी झाकलेलं मेन्लो, ब्लेकांचं. ते २६ जुलै १९१०च्या आगीत गेलं.

पाचवा दिवस, शुक्रवार: बॅलिनाहिंच

गॉलवे ते क्लिफडेन एन-५९ रस्त्याने साधारण ७८ किलोमीटर. बस ऊक्टरार्डवरून जाते, पण बॅलिनाहिंच मुख्य रस्त्यापासून आत आहे आणि बस आत शिरत नाही. एक तर गॉलवेतून भाड्याची गाडी घ्यावी, किंवा क्लिफडेनला उतरून टॅक्सी करावी. १८९५ ते १९३५ इथे आगगाडी धावायची, तिचा बांध अधूनमधून रस्त्याशेजारी दिसतो. उन्हाळ्यात वारा पडला की चिलटांचे थवे उठतात, बाह्या लांब असलेल्या बऱ्या.

गाडीत विक्रीपत्रक आणि १८३०च्या दशकातला, मैलाला सहा इंच प्रमाणाचा नकाशा हाताशी ठेवावा. ऊक्टरार्डनंतर जमीन पालटते: तळी, पीट, ग्रॅनाइट. सुमारे दोन लाख एकर म्हटलं की डोळे विस्फारतात, पण त्यातलं पिकाऊ किती हे खिडकीतूनच कळतं. फाटकापासून घरापर्यंतचा आपला रस्ता तीस मैलांचा, अशी फुशारकी रिचर्डने राजापुढे मारली होती म्हणे. तीस मैलांच्या रस्त्याला तेवढ्याच लांबीचं उत्पन्न नव्हतं, अडचण ती होती.

वाडा मुळात अठराव्या शतकातली सराई, नंतर राहतं घर, आता हॉटेल. मुक्कामाला नसलात तरी चहा घेता येतो, आधी फोन करावा. तळ्यातल्या बेटावर ओफ्लाहर्टींचा जुना बुरूज आहे. जनावरांना छळणाऱ्या कुळांना रिचर्ड तिथे डांबून ठेवायचा अशी आख्यायिका. १८२२चा गुराढोरांच्या छळाविरुद्धचा कायदा त्यानेच संमत करून घेतला: दंड दहा शिलिंगांपासून पाच पौंडांपर्यंत, न भरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. १६ जून १८२४ला लंडनच्या एका कॉफीघरात प्राणिदया संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. मुंबईची अशीच संस्था १८७४ची, आणि परळचं बैलघोडा हॉस्पिटल तिचंच.

१८२६च्या निवडणुकीत जिंकलेली जागा त्याविरुद्धच्या अर्जावरून हातची गेली आणि तिथेच सगळं संपलं. खासदाराला कर्जापायी अटक करता येत नसे. ते कवच गेल्यावर त्याने फ्रान्समधलं बुलोन गाठलं आणि ६ जानेवारी १८३४ला तिथेच मेला. त्याचं थडगं शोधत कॉनेमारा पालथं घालू नये.

मुलगा टॉमस १८४७च्या दुष्काळात क्लिफडेनच्या अनाथ-गरिबांच्या कोठीत कुळांना बघायला गेला, तापाने पडला, एप्रिलमध्ये गेला. इस्टेट बुडाली ती नुसत्या खंड थकण्याने नव्हे. १८४३च्या कायद्यानुसार चार पौंड किंवा त्याहून कमी आकारणीच्या तुकड्यावरची गरीबपट्टी कुळाने नाही, जमीनमालकाने भरायची. कॉनेमारात जवळजवळ सगळेच तुकडे चार पौंडांच्या आतले. म्हणजे उत्पन्न शून्य आणि पट्टी पूर्ण. वर लंडनच्या लॉ लाइफ विमा कंपनीचं गहाण. वारस एकटी मुलगी, मेरी लेटिशिया, ‘कॉनेमाराची राजकन्या’. तिने १८४७मध्ये आर्थर गॉन बेलशी लग्न केलं, आणि बेलने तिचं आडनाव घेतलं. ही नोंद न कळल्याने कित्येक झाडांवर तो जन्मजात मार्टिन दाखवलेला असतो. दोघं बेल्जियमला गेले, मग अमेरिकेला. प्रवासात बाळंत होऊन १८५०मध्ये ती न्यूयॉर्कला वारली.

तिची सावत्र आत्या हॅरिएट लेटिशिया मार्टिन हीसुद्धा मेरीसारखीच कादंबरीकार, आणि १८९१पर्यंत जगली. दोन लेटिशियांची सरमिसळ हा या घराण्याच्या वंशावळीतला सगळ्यात जास्त फिरणारा घोळ. मृत्यूचं साल बघितलं की सुटतो.

सहावा दिवस, शनिवार: क्लिफडेन

अर्ध्या दिवसाचं काम. हे गाव डार्सी या दुसऱ्या टोळीने, म्हणजे जॉन डार्सीने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलं. तो १८३९मध्ये गेला. मुलगा हायसिंथ दुष्काळात दिवाळखोर झाला आणि १८५०मध्ये इस्टेट इंग्लंडमधल्या बाथच्या आयर घराण्याने घेतली. हायसिंथ पुढे त्याच गावात प्रोटेस्टंट धर्मगुरू म्हणून राहिला. स्काय रोडवरून चालत जाऊन वाड्याचे अवशेष बघता येतात. वाट चिखलाची, बूट हवेत. संध्याकाळच्या बसने गॉलवे, रविवारी डब्लिन. रविवारी बस कमी, वेळापत्रक बघूनच निघावं.

आठवा दिवस, सोमवार: पुन्हा डब्लिन, मूल्यांकनाच्या वह्या

ग्रिफिथच्या मूल्यांकनात, गॉलवेसाठी १८५५च्या सुमाराला, प्रत्येक टाउनलँडचा मालक आणि कुळ छापलेलं आहे. ते ऑनलाइन मिळतं. त्यानंतरचे बदल हाताने लिहिलेल्या वह्यांमध्ये, आणि त्या जुन्या मूल्यांकन कार्यालयाच्या दफ्तरात मागून बघायच्या. आपल्या सातबाऱ्याच्या फेरफारासारखाच हा प्रकार: जुनं नाव खोडायचं, नवं वर लिहायचं, शेजारी साल. दर खेपेला शाईचा रंग वेगळा. म्हणून काळी-पांढरी झेरॉक्स घेऊ नये, रंगीतच मागावी. नाहीतर कुठलं साल कुठल्या नावाचं हे घरी गेल्यावर उलगडत नाही. साल म्हणजे तपासनीस आला ते साल, माणूस मेला ते नव्हे. दोन-तीन वर्षांचा फरक धरून चालावं.

बॅलिनाहिंचचा क्रम असा लागतो. १८४९मध्ये विक्रीला काढलेली इस्टेट गिऱ्हाईक न मिळाल्याने १८५२मध्ये लॉ लाइफ कंपनीनेच घेतली. १८७२मध्ये लंडनचा दारूभट्टीवाला रिचर्ड बेरिज आला आणि दीड लाख एकरांहून जास्त जमिनीचा मालक झाला. शेतजमीन नंतर सरकारी मंडळाकडे गेली आणि कुळांना वाटली गेली. वाडा आणि सामन मासळीची नदी तेवढी उरली, ती १९२४मध्ये रणजितसिंहजींनी घेतली. ते उन्हाळ्यात गळ टाकायला यायचे आणि नदीकाठी बसायला धक्के, झोपड्या त्यांनी बांधून घेतल्या. १९३३च्या एप्रिलमध्ये जामनगरला ते गेले. १९४६मध्ये वाडा आयरिश पर्यटन मंडळाकडे आला आणि त्याचं हॉटेल झालं.

जमीनवाटप करणाऱ्या लँड कमिशनचे मूळ कागद सामान्य संशोधकाला सहजी बघायला मिळत नाहीत. ज्यांचे पूर्वज मालक नसून कूळ होते, त्यांनी त्याऐवजी राष्ट्रीय ग्रंथालयातल्या सूच्या विचाराव्यात आणि याच रंगीत वह्यांमध्ये ‘मालक’ रकान्यात कुळाचं स्वतःचं नाव कोणत्या साली चढलं ते बघावं. बॅलिनाहिंचच्या आसपास बहुतेक ठिकाणी ते पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे चढलेलं दिसतं.